‘समाजस्वास्थ्य’ कसे वाचावे?

रघुनाथ धोंडो कर्वे यांच्याविषयी मराठीत आता आदरानेच बोलले जाते. य. दि. फडके आणि अनंत देशमुख यांनी त्यांच्यावर पुस्तके लिहिली. अमोल पालेकर यांनी २००१ साली ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट काढला. अजित दळवी यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक अतुल पेठे यांनी २०१७ साली रंगमंचावर आणले. या सर्वांमुळे काळाच्या पुढे असलेला, एकाकी आणि हट्टी असा एक माणूस आपल्या ओळखीचा झाला. पण त्याने सव्वीस वर्षे चालवलेले मासिक मात्र फारसे कोणी वाचत नाही. माणसाचा गौरव करावा आणि त्याचे लेखन बासनात बांधून ठेवावे, ही आपली जुनी रीत आहे. शिक्षकांनी या मासिकाकडे विज्ञानलेखन म्हणून पाहावे, त्यातले बरे-वाईट तपासावे आणि ते लिहिल्याबद्दल शिक्षा का झाली याचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मासिक होते कसे?

कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. जन्म १८८२ चा. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते थोरले चिरंजीव. फर्ग्युसनमध्ये शिकल्यानंतर गणिताच्या पुढील अभ्यासासाठी ते पॅरिसला जाऊन आले. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले तेही याच वर्षी. म्हणजे या विषयात मुंबई लंडनच्या मागे नव्हती.

‘समाजस्वास्थ्य’चा पहिला अंक जुलै १९२७ मध्ये निघाला आणि शेवटचा नोव्हेंबर १९५३ मध्ये, कर्व्यांच्या निधनानंतर महिनाभराने. संततिनियमन, गुप्तरोग, स्त्रीपुरुषसंबंध, विवाहसंस्था, ब्रह्मचर्याविषयीच्या कल्पना असे विषय त्यात असत. पण आमच्या मते मासिकाचा खरा प्राण होता तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांत. वीर्यनाशाने शरीर खंगते, बुद्धी मंद होते, अशा भीतीने अर्धमेले झालेले तरुण कर्व्यांना पत्रे लिहीत. कर्वे त्यांना सांगत की या भीतीला शास्त्रीय आधार नाही. आज हे वाक्य साधे वाटेल. परंतु त्या काळी मराठीत उपदेश करणारे पुष्कळ होते आणि विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर देणारे फार थोडे होते.

विज्ञान समजावून सांगण्याची ही पद्धत शिक्षकांनी लक्षात घेण्यासारखी आहे. प्रश्न विचारणाऱ्याची लाज काढायची नाही, त्याच्या हेतूची चौकशी करायची नाही, प्रश्नाला जेवढे उत्तर आहे तेवढे द्यायचे. वर्गात आपण दररोज हेच करायचे असते.

नोकरी कशामुळे गेली?

कर्वे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवीत असत. संततिनियमनाविषयी ते उघडपणे बोलू-लिहू लागल्यावर संस्थाचालकांनी त्यांना राजीनामा द्यायला सांगितले. १९२५ साली त्यांची नोकरी सुटली. संस्था ख्रिस्ती मिशनऱ्यांची होती म्हणून केवळ त्यांच्याकडे बोट दाखवणे बरोबर नाही. पुढे मासिकाविरुद्ध उठलेल्या लोकांत सनातनी हिंदूही होते. या एका बाबतीत दोन्ही पक्षांचे एकमत होते!

येथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. अध्यापकाच्या स्वातंत्र्याची तीन अंगे असतात. पहिले, वर्गात आपला विषय कसा शिकवावा हे ठरवण्याचे. दुसरे, संशोधनात कोणता प्रश्न हाती घ्यावा आणि आलेला निष्कर्ष प्रसिद्ध करावा याचे. तिसरे, वर्गाबाहेर नागरिक म्हणून बोलण्याचे. अमेरिकेतील विद्यापीठीय अध्यापकांच्या संघटनेने १९१५ सालच्या आपल्या जाहीरनाम्यात ही तिन्ही अंगे मांडली होती. कर्व्यांचा प्रश्न तिसऱ्या अंगाचा होता. त्यांची नोकरी गेली ती वर्गातल्या गणितासाठी नव्हे, बाहेरच्या बोलण्यासाठी.

पहिल्या अंगाला अर्थात मर्यादा आहे. गणिताच्या शिक्षकाने चुकीची सिद्धता शिकवावी आणि विचारल्यावर स्वातंत्र्याचा हवाला द्यावा, हे चालणार नाही. विषयाचा पुरावा आणि विषयाची शिस्त त्याला बांधून ठेवते, आणि तसे बांधलेले असणे योग्यच आहे. तिसऱ्या अंगात मात्र संस्थेचा अधिकार फार थोडा असायला हवा. ‘हे आमच्या संस्थेचे मत नाही’ असे संस्थेने खुशाल जाहीर करावे. गणित नीट शिकवा, असा आग्रह धरावा. त्यापुढे जाऊन, तुमचे मत आम्हाला लाजिरवाणे वाटते म्हणून पोटावर पाय, हा न्याय नव्हे.

न्यायालयाने काय विचारले नाही?

नोकरी गेल्यावर मासिक निघाले आणि मासिकावर खटले आले. १९३१ साली व्यभिचाराच्या प्रश्नाची चर्चा करणाऱ्या लेखाबद्दल कर्व्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला झाला. या वेळी कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. लैंगिक विषयावर लिहिले की ते अश्लीलच, हे त्यांना मान्य नव्हते. लोकांचे प्रश्न विकृत वाटत असले तरी ती विकृती ज्ञानाने जाईल, गप्प बसवून जाणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. तरीही दोनशे रुपये दंड झालाच.

त्या काळी आपल्याकडील न्यायालये इंग्लंडमधील १८६८ च्या हिक्लिन खटल्यातील कसोटी वापरीत. ज्यांचे मन अशा गोष्टींनी बिघडू शकते अशांच्या हाती हे लेखन पडले तर ते बिघडेल का, असा त्या कसोटीचा सारांश. म्हणजे समाजातला सर्वांत कच्चा वाचक प्रमाण मानायचा आणि त्याच्यावरून सर्वांनी काय वाचावे हे ठरवायचे. या कसोटीत एक प्रश्न येतच नाही : लिहिलेले खरे आहे का? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली हीच कसोटी स्वीकारली आणि २०१४ साली ती सोडून दिली.

संशोधनाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या आम्हा लोकांना हे विशेष खटकते. शोधनिबंध परीक्षकाकडे जातो तेव्हा तो लेखकाच्या चारित्र्याची चौकशी करीत नाही. मोजमाप कसे केले, नमुना किती मोठा होता, दुसरे स्पष्टीकरण शक्य आहे का, हे तो विचारतो. निबंध नाकारलाही जातो. पण नाकारण्याची कारणे लिहून द्यावी लागतात आणि त्यांना उत्तर देता येते. कर्व्यांच्या वाट्याला नकार आला, कारणे आली नाहीत.

उणिवा

‘समाजस्वास्थ्य’ निर्दोष होते असे आमचे म्हणणे नाही. मुखपृष्ठांवर विवस्त्र स्त्रियांची चित्रे असत. नग्नतेत लज्जास्पद काही नाही, हे दाखवण्याचा कर्व्यांचा हेतू प्रामाणिक असेल. पण तो दाखवण्याचा भार सदैव स्त्रीदेहावरच का, असा प्रश्न आजची वाचक विचारील आणि तो रास्त आहे. उपहास हे कर्व्यांचे आवडते शस्त्र. त्याने समविचारी माणूस खूश होतो, पण काठावरचा वाचक दूर जातो. त्यांच्या मतांचा ठामपणा पुष्कळदा पुराव्याच्या पुढे धावतो. मासिकाकडे आलेल्या पत्रांचा अभ्यास श्रीकांत बोत्रे आणि डग्लस हेन्स यांनी २०१७ साली प्रसिद्ध केला. त्यांना त्या पत्रांत प्रामुख्याने मध्यमवर्गीय पुरुषांची चिंता आढळली. स्त्रीच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या मासिकाला लिहिणारे बहुतेक पुरुष होते, हीसुद्धा त्या काळाची एक नोंद आहे.

या उणिवांवर त्याच काळात खुली, साधार चर्चा झाली असती तर मासिक सुधारले असते. पण ज्याच्यावर खटले चालू आहेत त्याचे मित्र त्याच्या चुका दाखवायला कचरतात आणि शत्रूंना चुका दाखवण्याची गरजच उरत नाही. त्यांचे काम पोलीस करतात. शिक्षेने सत्य दडपले जाते हे आपण नेहमी म्हणतो. शिक्षेने चूकही दुरुस्त होत नाही, हे म्हणायचे राहून जाते. विचारस्वातंत्र्य हे बरोबर मत असणाऱ्याला मिळणारे बक्षीस नव्हे. कोणते मत बरोबर हे कळण्यासाठीच ते लागते.

याच विषयातले एक उदाहरण पाहा. पाळीच्या चक्रात गर्भधारणेची शक्यता नेमकी केव्हा असते, हे १९२० च्या सुमारास कोणालाच नीट ठाऊक नव्हते. दोन पाळ्यांच्या मधले दिवस सुरक्षित, असे अनेक वैद्यकीय पुस्तकांत छापलेले असे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. जपानमध्ये ओगिनो यांनी १९२४ साली आणि ऑस्ट्रियात क्नाउस यांनी १९२८ साली बीजोत्सर्गाचा काळ निश्चित करणारे काम प्रसिद्ध केले, तेव्हा ही चूक दुरुस्त होऊ लागली. विषय बोलण्याजोगा नाही असे सर्वच देशांनी ठरवले असते तर त्या पुस्तकांतली चूक तशीच राहिली असती, आणि तिची किंमत स्त्रियांनी मोजली असती.

लंबक दुसरीकडे गेला तेव्हा

१९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. जगात असा सरकारी कार्यक्रम प्रथम आपण सुरू केला. ज्या मतापायी कर्व्यांची नोकरी गेली होती, ते त्यांच्या हयातीतच सरकारचे धोरण झाले. गोष्ट येथेच संपवली तर ती सुखान्त होते. पण ती येथे संपत नाही.

आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या कित्येक बळजबरीने किंवा अडवणूक करून झाल्या. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूरही केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. वृत्तपत्रांवर नियंत्रण होते, त्यामुळे गावोगावी काय चालले आहे ते छापता येत नव्हते. १९२५ साली संततिनियमनाच्या बाजूने बोलणे हा अपराध होता. १९७६ साली त्याच्या नावाने होणाऱ्या सक्तीविरुद्ध बोलणे अवघड झाले. दोन्ही वेळी सत्ताधाऱ्यांना आपण लोकांचे भलेच करीत आहोत असे वाटत होते. म्हणून स्वातंत्र्याची बाजू घेताना ते कोणत्या मतासाठी मागितले जात आहे, हे पाहून चालत नाही.

आजचा वर्ग

आम्ही हे वसई तालुक्यातील चांदीप येथून लिहीत आहोत. विरार स्टेशन गाठून लोकलने चर्नी रोडला उतरले की चौपाटीसमोर विल्सन महाविद्यालयाची इमारत दिसते. अंतर एवढेच, पण १९२५ सालापासून आपला वर्ग किती पुढे आला?

राज्याचे दहावीचे विज्ञानाचे पुस्तक २०१८ साली बदलले. त्याच्या दुसऱ्या भागात पहिलाच पाठ आनुवंशिकता व उत्क्रांतीचा आहे, आणि मानवी प्रजननाची माहितीही त्या पुस्तकात आहे. ही जमेची बाजू. राष्ट्रीय परिषदेच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला गेला आणि एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी पत्र लिहून त्याला विरोध केला. तेथे कोणावर खटला झाला नाही, कोणाची नोकरी गेली नाही. मुलांवरील ओझे कमी करण्याच्या कारणाखाली पाने गेली. २००७ साली आपल्याच राज्यात पौगंडावस्थेविषयीचा शिक्षण कार्यक्रम विधिमंडळातील आक्षेपांनंतर थांबवण्यात आला होता. बोलणाऱ्याला शिक्षा करण्यापेक्षा विषयच काढून टाकणे सोपे असते, कारण त्यात कोणी हुतात्मा होत नाही.

त्याहून सोपा मार्ग आपल्या हातात असतो. पाठ पुस्तकात आहे, परंतु ‘हा घरी वाचून या’ असे सांगून शिक्षक पुढे जातात. आम्ही त्यांना भित्रे म्हणणार नाही. पालकांची तक्रार, गावातली कुजबूज, वरिष्ठांची नोटीस यांची भीती खरी असते. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यमांच्या वापराबाबत सूचना काढल्या. शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करण्यास त्यांत मनाई आहे. कार्यालयीन गुप्तता पाळणे आणि शिक्षणाच्या धोरणावर शिक्षकाने मत न देणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. अभ्यासक्रमात काय चुकले आहे हे वर्गात उभ्या राहणाऱ्या माणसाला सर्वांत आधी कळते. त्याने बोलायचे नाही, तर मग दुरुस्ती कोणी सुचवायची?

सर्व शिक्षकांनी कर्वे व्हावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. ज्या व्यवस्थेत खरे सांगण्यासाठी कर्व्यांएवढे धैर्य लागते त्या व्यवस्थेत दोष आहे. आपल्याकडून तीन साध्या गोष्टी होऊ शकतात. वर्गात एक प्रश्नपेटी ठेवावी. नाव न लिहिता टाकलेल्या चिठ्ठ्यांना, कर्व्यांनी दिली तशी, पण उपहास वगळून उत्तरे द्यावीत. पुस्तकात असलेला पाठ पूर्ण शिकवावा आणि मुख्याध्यापकांनी पालकसभेत त्याची जबाबदारी शाळेची म्हणून घ्यावी, म्हणजे एकटा शिक्षक उघडा पडत नाही. आणि एखाद्या सहकाऱ्याच्या मतावर गदारोळ झाला तर ते आपल्याला पटो वा न पटो, कारवाईच्या आधी लेखी उत्तर-प्रत्युत्तर व्हावे, असा आग्रह शिक्षकखोलीत धरावा. १९२५ साली विल्सनमध्ये गणिताच्या त्या प्राध्यापकासाठी एवढे घडले असते तर पुरेसे होते.