एक कॉल म्हणजे नेमकं किती काम?

मागच्या लेखानंतर दोन-तीन जणांनी विचारलं, पॉयझन सेंटर म्हणजे विषबाधा झालेल्यांचं खास हॉस्पिटल का? तसं नाही. तिथे खाटा नसतात, सलाईनचे स्टँड नसतात, रुग्ण तर येतच नाही. येतो तो फोन. अमेरिकेत १-८००-२२२-१२२२ हा एकच नंबर देशभर चालतो. तो फिरवला की तुमच्या भागातल्या केंद्रात बहुधा एखादी नर्स किंवा फार्मासिस्ट फोन उचलते. या पदाला ‘स्पेशालिस्ट इन पॉयझन इन्फर्मेशन’ म्हणतात. तिच्या मागे टॉक्सिकॉलॉजीचे तज्ज्ञ डॉक्टर असतात, अडलं की त्यांना विचारायचं. पण रोजचे बहुतेक निर्णय फोनवरची हीच मंडळी घेतात. माझं संशोधन त्यांच्या कामावर आहे. आणि आज मला भांडायचंय ते माझी निम्मी पीएचडी ज्यावर उभी आहे त्या दस्तऐवजाशी.

तो दस्तऐवज म्हणजे या केंद्रांच्या राष्ट्रीय संघटनेचा वार्षिक अहवाल. १९८३ च्या आकडेवारीपासून तो सलग निघतोय. सध्या ‘क्लिनिकल टॉक्सिकॉलॉजी’ या नियतकालिकात येतो. पन्नासहून थोडी जास्त केंद्रं आणि वर्षाला वीस लाखांच्या आसपास माणसांचे ‘एक्स्पोजर’. एक्स्पोजर म्हणजे कुठल्यातरी पदार्थाशी आलेला संपर्क: कोणी गिळलं, कोणाच्या डोळ्यात उडालं, कोणाला काही चावलं. पदार्थ कोणता, वय किती, चुकून झालं की जाणूनबुजून, परिणाम काय झाला, अशी तक्त्यांमागून तक्ते. लोक म्हणतात कंटाळवाणं वाचन आहे. मला तसं कधी वाटलं नाही. शिवाय अहवाल स्वतःच्या मर्यादा लपवत नाही. फोन आला तरच नोंद होते, एक्स्पोजर झालं म्हणजे विषबाधा झालीच असं नाही, फोनवर सांगितलेली प्रत्येक गोष्ट पडताळता येत नाही, हे सगळं तो बजावून सांगतो. एवढा प्रामाणिकपणा आपल्याकडच्या सरकारी अहवालांत दिसला तर मी पेढे वाटीन.

मग भांडण कशाचं? या अहवालाच्या कितीतरी आवृत्त्यांत कर्मचाऱ्यांवर एक परिच्छेद असतो. हे लोक मुख्यतः नोंदणीकृत नर्स, फार्मासिस्ट आणि डॉक्टर ऑफ फार्मसी असतात, असं तो सांगतो. पुढे एक अट येते: प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसायचं तर बारा महिन्यांत किमान २००० कॉल हाताळलेले हवेत. परिच्छेद तिथे आटोपतो आणि आकडे सुरू होतात. त्या आकड्यांत ही नर्स पुन्हा फारशी भेटत नाही. तिचा कॉल भेटतो.

आता हा ‘एक कॉल’ जरा उघडून बघू. पुढची तीन उदाहरणं कोणा खऱ्या व्यक्तीची नाहीत, पण असे कॉल तिथे नेहमीचे असतात.

पहिला. दोन वर्षांच्या मुलाने नव्या बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी फोडून दाणे तोंडात घातलेत. पुडीवर ‘खाऊ नका’ असं दटावून छापलेलं असल्यामुळे आई घाबरलीये. सिलिका जेल विषारी नाही, घशात अडकलं तर तेवढाच त्रास. नर्स विचारते, खोकतोय का, श्वास नीट घेतोय का. मग पाणी पाजायला सांगते. चार मिनिटांत फोन बंद.

दुसरा. तेवढ्याच वयाचं मूल, पण आजीच्या डायबेटिसच्या गोळ्यांची डबी उघडी सापडलीये आणि एक गोळी कमी आहे. मूल मजेत खेळतंय. खरी परीक्षा इथे आहे. गोळी ग्लिपिझाइडसारखी सल्फोनिलयुरिया गटातली असेल तर एकच गोळीसुद्धा लहान मुलाची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकते, आणि तेही काही तासांनी. म्हणजे हसत्या-खेळत्या मुलाला हॉस्पिटलमध्ये न्या, असं त्या घरच्यांना पटवायचं. तेही त्यांना न घाबरवता, आणि ‘बघू सकाळी’ म्हणायला वाव न ठेवता. मग हॉस्पिटलला आधी कळवायचं, साखर किती वेळाने तपासायची ते सांगायचं, तिथून पुढे अधूनमधून फोन करून विचारत राहायचं. तोवर नर्सची पाळी संपते आणि ती पुढच्या व्यक्तीला केस समजावून घरी जाते.

तिसरा. रात्री एका छोट्या हॉस्पिटलमधून डॉक्टरच फोन करतायत. एका तरुणीने पॅरासिटामॉलच्या गोळ्या घेतल्यात, किती वाजता ते सांगत नाही. रक्तातली पातळी बघून उतारा द्यायचा की नाही हे ठरवण्यासाठी १९७५ पासून वापरात असलेला एक आलेख आहे, रुमॅक-मॅथ्यू नोमोग्राम. पण तो वापरायचा तर गोळ्या घेऊन किती तास झाले हे माहीत हवं, आणि चार तासांच्या आत घेतलेली पातळी त्याला चालत नाही. उतारा, म्हणजे एन-ॲसिटिलसिस्टीन, आठ तासांच्या आत सुरू झाला तर यकृत वाचण्याची शक्यता सर्वात चांगली. मग फोनवरची फार्मासिस्ट विचारते, “शेवटचं तिला कोणी ठीकठाक बघितलं ते कधी? घरच्यांशी शेवटचं बोलणं कधी झालं?” हा प्रश्न आलेखावर छापलेला नसतो. तो विचारायचं सुचावं लागतं, आणि वेळ कळलीच नाही तर न थांबता उतारा सुरू करा हे सांगण्याची जबाबदारी घ्यावी लागते.

मोजणीत पहिलं एक एक्स्पोजर, दुसरं एक, तिसरंही एकच. प्रमाणपत्रासाठी २००० मोजताना सिलिका जेलच्या एका कॉलचं वजन त्या रात्रीच्या कॉलइतकंच.

अहवालावर अन्याय नको, म्हणून सांगते: तो फॉलो-अपचे कॉल वेगळे मोजतो, आणि गंभीर परिणाम झालेल्या केसेस किती हेही वेगळं देतो. किंबहुना माझी तक्रार त्याच्याच आकड्यांवर उभी आहे. गेल्या दीड-दोन दशकांत घरून येणारे फोन कमी झाले (लोक आधी गूगल करतात, दुसरं काय), पण गंभीर केसेसचं प्रमाण वाढत गेलं आणि हॉस्पिटलांकडून येणाऱ्या फोनचा वाटाही. म्हणजे सोपे कॉल गळाले, अवघड राहिले. तरी गोषवाऱ्यात सुरुवातीलाच भेटते ती एकूण कॉलची घसरण. निधी देणारा माणूस गोषवारा वाचतो, तक्ता नाही. काम कमी झालंय असा त्याचा समज झाला तर त्याला तरी दोष कसा द्यायचा? २०११ मध्ये केंद्रीय निधीला चांगलीच कात्री लागली होती, तेव्हा असे समज महागात पडतात.

त्याला उत्तर म्हणून संघटनेने पैशाची भाषा धरली. लेविन ग्रुपच्या २०१२ च्या अहवालात हिशोब निघाला की या केंद्रांवर खर्च केलेल्या एका डॉलरमागे १३.३९ डॉलर वाचतात. हे उत्तर समजण्यासारखं आहे, निधी वाचवायला लागतंच. पण बचतीचा मोठा भाग येतो तो हॉस्पिटलची फेरी टळल्यामुळे. या हिशोबात सिलिका जेलवाला कॉल चमकतो. आजीच्या गोळीवाल्या मुलाला हॉस्पिटलमध्ये पाठवलं, म्हणजे फेरी टळली नाही. नर्सने सगळ्यात कसोटीचं काम केलं त्या केसमध्ये बचतीच्या या खात्यात काहीच पडत नाही.

कॉलच्या आत डोकावणारं संशोधन आहे, थोडं आहे. युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी कॉलची रेकॉर्डिंग घेऊन कोण काय बोललं, कशासाठी बोललं, याचं वाक्यावाक्याने वर्गीकरण केलंय. डॉक्टर-रुग्ण संवादासाठी बनवलेली रोटरची पद्धत त्यांनी फोनवरच्या बोलण्याला लावली. माझ्या मते या क्षेत्रातलं हे सगळ्यात वाचनीय काम, आणि ज्या मानाने वार्षिक अहवाल उद्धृत होतो त्या मानाने फार कमी लोक याकडे वळतात. कारण उघड आहे. अहवालातला आकडा उचलून लगेच वापरता येतो, रेकॉर्डिंग ऐकायला महिने जातात.

मलाही हे सांगायचा अधिकार फारसा नाही. माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात ‘कामाचा ताण’ या नावाचं एक चल आहे आणि त्याची व्याख्या मी केली होती: कॉल भागिले कर्मचारी. दीड वर्ष ते तसंच होतं. मार्गदर्शकांनाही चाललं, आकडा हाताशी होता ना! मग एका नर्सने मुलाखतीत मला उलटं विचारलं, “यातले कोणते कॉल?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन तक्ता उघडला आणि बराच वेळ नुसती बघत बसले.

आता हे आपल्यासाठी का लिहितेय? दिल्लीच्या एम्समध्ये नॅशनल पॉयझन्स इन्फर्मेशन सेंटर १९९५ पासून चोवीस तास चालतं. आपल्याकडची विषबाधा अमेरिकेसारखी नाही. इथे कीटकनाशकं आहेत, सर्पदंश आहे. २०१७ साली यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि मजूर एकामागून एक दवाखान्यात आले. कोणती औषधं एकत्र मिसळून फवारली हे रुग्णाला नीट सांगता येत नसेल, तर समोरच्या डॉक्टरला हवा असतो तो नेमका प्रश्न विचारणारा माणूस, फोनच्या दुसऱ्या टोकाला. अशी आणखी केंद्रं इथे निघावीत असं मला मनापासून वाटतं. निघाली तर पहिल्याच वर्षी कोणीतरी त्यांना विचारेल, कॉल किती आले? तेव्हा पुढे करायला त्यांच्याकडे आणखी एखादा रकाना असावा.

माझ्या तक्त्यात सध्या तो रकाना असा आहे: हॉस्पिटलकडून आलेला कॉल की घरून, किती वेळा परत फोन केला, आणि पाळी बदलताना केस दुसऱ्याकडे सोपवावी लागली का. शेवटची नोंद सगळी केंद्रं ठेवत नाहीत. ज्यांनी दिली त्यांच्यापुरतंच दुसरं प्रकरण नव्याने लिहितेय, आणि त्यामुळे ते निम्म्याहून लहान झालंय.