'द डिसायपल'मधील शिष्य : घराणे, घर आणि प्रेम

मराठीत 'घराणे' हा शब्द कुळासाठीही वापरला जातो आणि गायकीच्या परंपरेसाठीही. संगीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या भावजीवनाचा विचार करताना हा दुहेरी अर्थ नजरेआड करता येत नाही. पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) या नाटकात गायकी ही घराण्याची मिरास आहे. बाहेरून आलेल्या सदाशिवला ती मिळवण्यासाठी परक्या घराच्या उंबरठ्याशी तिष्ठावे लागते. त्या विश्वात उमा आणि झरीना या दोन गायकांच्या मुलीही आहेत. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल' (२०२०) या चित्रपटात हाच प्रश्न आजच्या मुंबईत येतो. मात्र येथे उंबरठा दिसत नाही. तो नायकाच्या मनातच आहे.

शरद नेरुळकरला संगीत वडिलांकडून मिळाले, आणि त्यासोबत वडिलांचे अपयशही. खेळण्याच्या वयात रियाजाला बसवलेला हा मुलगा वडिलांच्या पश्चात गुरुजींची सेवा करतो. त्यांचे दुखरे अंग चोळतो, दुखण्याखुपण्यात त्यांची काळजी वाहतो. ही सेवा गुरुभक्ती तर आहेच, पण ती पितृऋणाची फेडही आहे. याउलट, चिंतेपोटी फोन करणाऱ्या आईशी तो तुटकपणे बोलतो. गुरूसाठी पुत्र होणारा हा शिष्य स्वतःच्या घरी पुत्र म्हणून उणा पडतो, हा चित्रपटातील सर्वांत मार्मिक विरोधाभास होय.

या रचनेत प्रेमाला जागा उरत नाही. रात्री मोटारसायकलवरून जाताना शरद माईंची ध्वनिमुद्रित व्याख्याने ऐकतो. संसार आणि पैसा हवा असणाऱ्याने या वाटेला येऊ नये, असा त्यांचा आशय आहे. (सुमित्रा भावे यांच्या आवाजातील संथपणामुळे तो उपदेश अधिकच निष्ठुर वाटतो.) परिणामी शरदची वासना एकाकी, चोरटी होते. सहशिष्या स्नेहाविषयीची त्याची ओढ शब्दांपर्यंत पोहोचत नाही. एका संग्राहकाने माई आणि गुरुजी यांच्याविषयी कुजबुजीतल्या गोष्टी सांगताच शरद त्याच्या तोंडावर पाणी फेकतो. त्याचा संताप केवळ निंदेवर नसावा. ज्यांच्या वैराग्यासाठी त्याने स्वतःचे तारुण्य गहाण टाकले, ते वैराग्यच येथे संशयित ठरते.

तथापि, दिग्दर्शकाच्या संयमाची एक किंमत आहे. स्नेहा पडद्यावर येते, गाते आणि निघून जाते. त्याच परंपरेत शिकणाऱ्या स्त्रीला घर, विवाह आणि साधना यांचा हिशेब कसा जुळवावा लागतो, हे चित्रपट विचारत नाही. माई स्वतः स्त्री असूनही केवळ आवाज म्हणून उरतात. त्यांच्या त्यागामागील जगणे अज्ञात राहते. शरदच्या दृष्टिकोनाशी प्रामाणिक राहण्यासाठी हे केले, असे समर्थन करता येईल; पण दृष्टिकोनाची मर्यादा दाखविणे आणि तीच मर्यादा स्वीकारणे यांत अंतर आहे, आणि स्नेहाच्या बाबतीत ते पुसले गेले आहे.

शरदचा विवाहही पडद्याआड होतो. काळाची उडी घेऊन चित्रपट त्याला पत्नी व मुलीसह लोकलच्या डब्यात बसवतो, आणि तेथे एक फिरता गायक गात गात पुढे सरकतो. त्याला ना घराणे, ना गुरुजी. शरद मात्र ऐकत असतो.