नोंदवहीतील नाव आणि बदलापूरचा ग्रंथ

संग्रहालयातील मानवशास्त्रीय संग्रहावर संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला वस्तू हाती येण्यापूर्वी नोंदवही वाचावी लागते. अर्ज, विषयाचा आराखडा, मार्गदर्शकाचे शिफारसपत्र हे सोपस्कार उरकले की संग्रहपाल विचारतो : कोणत्या वस्तू पाहावयाच्या आहेत? भांडारातील पुष्कळशा वस्तू दालनात मांडलेल्या नसतात. उत्तर नावांच्या आधारेच द्यावे लागते, आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्याच्या अभ्यासकाला नावेच प्रथम चकवतात.

उल्हासनगर हे नाव १९४९ चे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली, तिला ते मिळाले. त्यापूर्वी जमा झालेल्या वस्तूवर ते शोधणे व्यर्थ होय. अंबरनाथ व बदलापूर ही पूर्वी कल्याण तालुक्यातील गावे होती. जुन्या नोंदीत ती ‘ठाणा जिल्हा’ किंवा नुसत्या ‘मुंबई इलाखा’ या शब्दांत बुडून गेलेली असू शकतात. अंबरनाथच्या शिवालयाने आपले वर्ष, शके ९८२ (इ. स. १०६०), शिलालेखात सांगून ठेवले आहे. त्याच परिसरातील कातकऱ्याच्या टोपलीला ती सोय नाही.

जमातींच्या नावांचा गुंता याहून मोठा. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत काथोडी, कातकरी, ढोर काथोडी, ढोर कातकरी, सोन काथोडी, सोन कातकरी अशी सहा नावे एकाच नोंदीखाली येतात. ठाकूर, ठाकर, का ठाकूर, का ठाकर, म ठाकूर, म ठाकर ही सहा दुसऱ्या नोंदीखाली. त्यात रोमन लिपीची भर. खुणांवाचून लिहिलेल्या रोमनमध्ये ‘ठाकूर’मधील ठ आणि ‘काथोडी’मधील थ एकाच अक्षरजोडीने दाखविले जातात. काताच्या धंद्यावरून पडलेले नाव धंदा मोडल्यावरही टिकले, पण नोंदवहीत त्याची ओळख पटेलच असे नाही. हा प्रश्न केवळ कोशकाराचा समजू नये. ठाकूर जमातीचे दाखले न्यायालयापर्यंत जातात. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाला, आप्तभावाची कसोटी ही निर्णायक कसोटी नव्हे, असे अशाच एका प्रकरणात सांगावे लागले.

येथे ना. गो. चापेकर यांच्या बदलापूरविषयक ग्रंथाकडे (१९३३) वळणे भाग आहे. एका गावाचा असा सर्वांगीण अभ्यास मराठीत त्यापूर्वी क्वचितच झाला असेल. समाजशास्त्रज्ञ त्याकडे आकड्यांसाठी पाहतात. संग्रहालयात जाणाऱ्याने तो शब्दांसाठी वाचावा. गावाविषयी गावच्याच भाषेत लिहिल्यामुळे वस्तू आणि तिचे नाव यांची ताटातूट होत नाही. नोंदवहीत ‘पानांचे पावसाळी आच्छादन’ असे लिहिले असेल, तर ‘इरले’ शोधणारा रिकाम्या हातांनी परततो. ‘धान्य साठविण्याचे बांबूचे पात्र’ असे असेल, तर ‘कणगी’ सापडत नाही. बोलीतील शब्दांची यादी करून मगच भांडाराची पायरी चढावी. ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकरांवरील इंग्रजी ग्रंथ (१९६०) जमातीच्या जीवनाविषयी अधिक सांगतो. तथापि इंग्रजीत लिहिल्याने प्रत्येक देशी शब्दाला लिप्यंतराची चाळण लागते.

बदलापूरच्या ग्रंथाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. त्याचा लेखक न्यायखात्यात नोकरी केलेला, पांढरपेशा, व्यासंगी गृहस्थ. १९३४ च्या बडोदे साहित्य संमेलनाचा अध्यक्ष. वाडीतील ठाकराचा शब्द त्याच्यापर्यंत पोचेतो गावच्या मराठीत मुरलेला असण्याचा संभव आहे. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा सातवा खंड (१९०५) काथोडी व ठाकरी यांचे नमुने देतो खरा, परंतु त्या सर्वेक्षणाचा ठरलेला नमुना म्हणजे बायबलातील उधळ्या पुत्राचा दृष्टान्त. त्यात अंगठी आहे, वासरू आहे. मासे धरण्याचे साधन कोठून येणार?

म्हणून पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयात काय किंवा मुंबईत काय, विद्यार्थ्याने वस्तूचे छायाचित्र व नोंदक्रमांक घेऊन बदलापूरच्या मागच्या डोंगरवाड्यांत जावे आणि प्रथम म्हाताऱ्यांना, विशेषतः स्त्रियांना, नाव विचारावे. मिळालेला शब्द देवनागरीत, उच्चारासह, संग्रहपालाकडे परत द्यावा. मूळ नोंद खोडू नये, तिच्याशेजारी लिहावा. उल्हासनगरच्या घरांत सिंधहून आलेली भांडीकुंडी असतील, तर तेथे क्रम उलटा ठेवणे अजून शक्य आहे : आधी सिंधी नाव, मग नोंदक्रमांक.