सहीचे मोल

'हस्ताक्षर' आणि 'सही' हे शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. परंतु त्यांत एक भेद आहे, आणि तो लहान नाही. हस्ताक्षर म्हणजे हाताचे वळण. ते माणसाला फारसे लपवता येत नाही आणि दुसऱ्याला सहजासहजी उचलता येत नाही. सही ही मात्र त्या हाताने दिलेली कबुली असते. ती दस्तऐवजाखाली होते, चेकच्या पाठीवर होते आणि चाहत्याच्या वहीतही होते. अमेरिकेत चित्रकथांचे, म्हणजे कॉमिक्सचे, जे प्रचंड मेळावे भरतात त्यांत सह्यांचा एक स्वतंत्र बाजार उभा राहिला आहे. त्या बाजाराच्या दोषांचा विचार करू लागले की हा भेद पदोपदी आठवतो. तेथे सहीचा भाव चढत गेला आहे. ज्या हातामुळे सहीला भाव आला तो हात मात्र विस्मरणात चालला आहे.

या मेळाव्यांविषयीची रूढ तक्रार अशी आहे. प्रवेशाचे तिकीट काढून आत गेलेल्या माणसाला सहीसाठी पुन्हा पैसे मोजावे लागतात. पडद्यावरचा नट मोठा असेल तर हा आकडा शंभर डॉलरांच्याही पुढे जातो. शेजारी उभे राहून छायाचित्र काढायचे तर त्याचा आकार निराळा. तास-दोन तास रांगेत काढल्यावर भेट घडते ती काही क्षणांची, आणि तेवढ्यात पाहुण्याचा मदतनीस 'चला, पुढे चला' म्हणत असतो. मोठ्या नटांशी संयोजकांचा ठराव पुष्कळदा असा असतो, की सह्या आणि छायाचित्रे यांतून अमुक इतकी रक्कम मिळेलच अशी हमी द्यायची आणि ती कमी पडली तर तूट संयोजकाने भरायची. अशा ठरावात रांग जितकी भरभर सरकेल तितके सर्वांचे हित. अपवाद फक्त रांगेतल्या माणसाचा. ही तक्रार खोटी नाही, पण वरवरची आहे. कलावंताने सहीचे पैसे घ्यावेत की नाही, एवढ्यापाशीच ती थांबते.

पैसे घेणे हेच पाप मानले तर गांधीजींनाही दोष द्यावा लागेल. हरिजन फंडासाठी ते आपल्या स्वाक्षरीचे पाच रुपये घेत, आणि देणारा ते आनंदाने देई. त्या सहीमागे काय उभे आहे हे घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक होते. तेव्हा सहीच्या मागे काय उभे आहे, हा खरा प्रश्न. चित्रकथांच्या बाबतीत त्याचे उत्तर शोधायचे तर त्या व्यवसायाच्या इतिहासात थोडे शिरावे लागते.

हा व्यवसाय दीर्घ काळ बहुतांशी निनावी होता. डोनल्ड डकच्या उत्तमोत्तम कथा लिहिणारा आणि रेखाटणारा कार्ल बार्क्स याचेच उदाहरण घ्या. अंकल स्क्रूज हे पात्र त्याने १९४७ साली निर्माण केले. पण अंकावर नाव असे ते वॉल्ट डिस्नेचे. तरीही वाचणाऱ्या मुलांना त्याचा हात ओळखू येई. नाव ठाऊक नसल्यामुळे ती त्याला नुसते 'चांगला चित्रकार' म्हणत. १९६० च्या सुमारास त्यांतल्या काहींनी मोठेपणी चिकाटीने त्याचा ठावठिकाणा लावला आणि त्याला पत्र धाडले. रसिकाने कलावंताला सहीवाचून ओळखल्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

याच्या उलट प्रकार बॅटमनचा. १९३९ साली अवतरलेल्या या नायकाच्या रूपात आणि कथेत बिल फिंगरचा वाटा फार मोठा होता. पण करार बॉब केनने केलेला, त्यामुळे निर्माता म्हणून नाव लागे ते एकट्या केनचे. पुढे वर्षानुवर्षे कथेच्या पहिल्या पानावर केनची सही छापून येत राहिली. त्या सहीवरची चित्रे मात्र कित्येकदा जेरी रॉबिन्सन, शेल्डन मोल्डॉफ अशा इतरांच्या हातची असत. फिंगर १९७४ साली हलाखीत वारला. बॅटमनच्या निर्मितीच्या श्रेयात त्याचे नाव घालण्याचे प्रकाशकांनी मान्य केले ते २०१५ साली.

आरंभीचे मेळावे भरले ते या पार्श्वभूमीवर. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये हौशी वाचकांनी एक लहानसा मेळावा भरवला. पुढच्याच वर्षी त्याच शहरातल्या मेळाव्यात फिंगर स्वतः व्यासपीठावर बसून वाचकांशी बोलला. १९७० च्या ऑगस्टमध्ये सॅन डिएगोला तीन दिवसांचा मेळावा झाला तेव्हा सुमारे तीनशे माणसे जमली होती आणि पाहुण्यांत चित्रकार जॅक कर्बी होता. आज त्याच मेळाव्याला सव्वा लाखाहून अधिक लोक येतात. परंतु त्या तीनशे माणसांच्या गर्दीत एखाद्या चित्रकाराने एखाद्या मुलाच्या अंकावर सही केली, तर ती एका परीने साक्ष होती. जे प्रकाशकाने छापले नव्हते ते कलावंत स्वतःच्या हाताने तेथे लिहीत होता: हे मी केले.

आता दुसऱ्या प्रकारच्या सहीकडे पाहू. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅनचे सर्व हक्क १३० डॉलरांना विकले. इतर कामाचे पैसे धरून त्यांना मिळालेला चेक ४१२ डॉलरांचा होता, आणि तो वटवण्यासाठी दोघांनी त्याच्या पाठीवर सह्या केल्या. पुढे सुपरमॅनवर किती कोटींची उलाढाल झाली हे सांगायला नको. उतारवयात विपन्नावस्थेत सापडलेल्या सीगलने जाहीर गाऱ्हाणे मांडले, तेव्हा कोठे १९७५ च्या अखेरीस दोघांना प्रत्येकी सालिना २०,००० डॉलर देण्याचे आणि त्यांची नावे पुन्हा छापण्याचे ठरले. तोच वटवलेला चेक २०१२ साली लिलावात १,६०,००० डॉलरांना गेला. ज्या सहीने दोघांचे सर्वस्व गेले तीच सही संग्राहकाला सर्वांत मोलाची वाटावी, यापेक्षा या बाजारावर अधिक बोलके भाष्य कोणी टीकाकार करू शकणार नाही.

ही एकट्या सुपरमॅनची कथा नव्हे. मार्व्हल कंपनीच्या चेकांच्या पाठीमागे कित्येक वर्षे हक्कसोडीचा मजकूरच छापलेला असे. कामाचे पैसे हवे असतील तर त्याखाली सही करणे भाग होते. कर्बीने तेथे हजारो पाने काढली. फँटास्टिक फोर, हल्क, एक्स-मेन यांना रूप दिले. ऐंशीच्या दशकात कंपनी मूळ चित्रे ज्याची त्याला परत करू लागली, तेव्हा इतरांना एका पानाच्या कागदावर सही करायची होती. कर्बीपुढे मात्र चार पानांचा करार ठेवण्यात आला. मोठा गवगवा झाल्यावर १९८७ साली त्याच्या हाती सुमारे दोन हजार पाने आली.

हे ध्यानात घेतले म्हणजे मेळाव्याच्या टेबलाशी बसलेल्या वृद्ध चित्रकाराकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते. त्याला निवृत्तिवेतन नाही. आजारपणाची तरतूद त्याची त्याने करायची. त्याने चितारलेल्या नायकावर चित्रपट निघतो तेव्हा त्याला मिळणारा वाटा बहुधा नाममात्रच असतो. अशा कलावंतांच्या औषधपाण्यासाठी २००० साली तेथे 'हीरो इनिशिएटिव्ह' नावाची धर्मादाय संस्था काढावी लागली. आपली सही फुकट देऊन त्याऐवजी तिच्या पेटीत पैसे टाकायला सांगणारे चित्रकारही आहेत. म्हाताऱ्याने सहीचे वीस डॉलर मागितले म्हणून नाक मुरडणाऱ्या चाहत्याने एवढा हिशेब करावा, की जे आधीच द्यायला हवे होते त्यातलाच हा एक क्षुल्लक हप्ता आहे.

मग या बाजारात दोष कोठे आहे? माझ्या मते तो तीन ठिकाणी आहे.

पहिला दोष असा, की सहीतून वाचक नाहीसा झाला आहे. लेखकाने पुस्तकावर 'अमुक यांस सप्रेम' असे लिहून खाली सही केली तर आपण ते पुस्तक जन्मभर जपतो. या बाजारात असे नाव घातल्याने अंकाची किंमत उतरते, कारण मग तो दुसऱ्याला विकता येत नाही. गठ्ठाभर अंक घेऊन रांगेत उभा राहणारा व्यापारी म्हणूनच 'नाव नको, नुसती सही' असे सांगतो. काही चित्रकारांनी यावर नामी तोड काढली आहे: नाव घालून सही हवी असेल तर फुकट, नुसती सही हवी असेल तर पैसे. वाचक कोण आणि अडत्या कोण, हे एवढ्या एका प्रश्नाने निवडले जाते.

दुसरा दोष साक्षीदाराचा. बनावट सह्या फार झाल्या, हे खरे. कॅलिफोर्नियाने त्यासाठी २०१६ साली कायदा केला. पण त्यात पुस्तकेही सापडल्याने एक पुस्तकविक्रेता न्यायालयात गेला आणि २०१७ साली पुस्तकांना त्यातून वगळावे लागले. कॉमिक्सच्या बाजाराने मात्र आपला उपाय आपणच शोधला. २००० सालापासून फ्लॉरिडातील सर्टिफाइड गॅरंटी कंपनी अंकाची प्रत ठरवून तो पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत कायमचा बंद करून देते. सही कंपनीच्या माणसादेखत झाली असेल तर पेटीवर पिवळी चिठ्ठी लागते आणि भाव वाढतो. तशी झाली नसेल, तर वर्षानुवर्षे दंडक असा होता की ती सही म्हणजे मुखपृष्ठावरचा डाग. अलीकडे जुन्या सह्या पारखून देण्याची सोय निघाली आहे, पण त्या दंडकाची शिकवण विसरण्याजोगी नाही. पन्नास वर्षांपूर्वी एखाद्या मुलाने कर्बीसमोर अंक धरला, कर्बीने हसत त्यावर सही केली, आणि तिसरे कोणी तेथे नव्हते, तर बाजाराच्या दृष्टीने त्या मुलाने आपला अंक खराब केला! शिवाय पेटी एकदा बंद झाली की अंक उघडता येत नाही. वाचण्यासाठी छापलेली वस्तू न वाचण्याच्या अटीवर मौल्यवान ठरते.

तिसरा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो. चित्रपटांची लाट आल्यापासून मेळाव्यातल्या लांब रांगा नटांसमोर असतात. नटाने आपल्या छायाचित्रावर सही करावी, त्यात गैर काही नाही. ती भूमिका त्याची आहे. पण कर्बीने काढलेल्या मुखपृष्ठावर, त्या नायकाचे सोंग घेतलेला नट जाड शाईने आपले नाव लिहितो, तेव्हा केनची चौकटीतली सही पुन्हा जन्म घेते. चित्र एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, ही ज्या अन्यायाची रीत होती आणि जी मोडण्यासाठी मेळावे उपयोगी पडले, तीच रीत आता मेळाव्यातच प्रतिष्ठित झाली आहे.

या तिन्ही दोषांचे फळ स्टॅन लीच्या अखेरच्या वर्षांत दिसले. त्याचे खरे नाव स्टॅन्ली लीबर. पुढेमागे मोठी कादंबरी लिहायची, तिच्यासाठी खरे नाव राखून ठेवायचे, म्हणून १९४१ साली त्याने कॉमिक्ससाठी हे छोटे नाव घेतले. कादंबरी झाली नाही. टोपणनाव मात्र कर्बी आणि स्टीव्ह डिट्को यांच्या नावांना झाकण्याइतके मोठे झाले. नव्वदी उलटल्यावर, दृष्टी अधू झालेली असताना, तो मेळाव्यामागून मेळाव्यात सह्या करीत राहिला. २०१८ च्या एप्रिलमध्ये सॅन होझे येथील मेळाव्यातली एक चित्रफीत सर्वत्र पसरली. तीत त्याच्याच नावाची अक्षरे शेजारचा माणूस त्याला सांगत होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो ९५ व्या वर्षी वारला. त्याच्या सह्यांच्या पैशांवरून पुढे फौजदारी खटला झाला. त्यात कोणावर गुन्हा शाबीत झाला नाही. कायद्याचा प्रश्न तेथे संपला असेल, पण रसिकतेचा संपत नाही. रांगेत उभ्या असलेल्यांना तो म्हातारा थकलेला दिसत होता, तरी रांग मोडली नाही. त्याच वर्षी डिट्कोही गेला. स्पायडरमॅनचा हा सहनिर्माता पन्नासाहून अधिक वर्षे मुलाखती आणि मेळावे टाळून न्यूयॉर्कमधल्या आपल्या खोलीत चित्रे काढीत राहिला. त्याचे पाहून घ्यायचे ते चित्र, एवढेच त्याने जगासाठी ठेवले.

आपल्याकडेही २०११ सालापासून दिल्ली, मुंबई अशा शहरांतून कॉमिक-कॉन भरू लागले आहेत, म्हणून हा विचार परका मानू नये. सुप्पंडीला रूप देणारे राम वाईरकर किंवा अमर चित्र कथेची कितीतरी पुस्तके सजवणारे प्रताप मुळीक यांचा हात आपल्या दोन पिढ्यांनी ओळखला. नावे किती जणांच्या ओठांवर आली? आपले मेळावे अजून कोवळे आहेत. त्यांनी सॅन डिएगोचे आजचे रूप उचलायचे की १९७० चे, हे ठरवणे अद्याप आपल्या हाती आहे.

वाचकापुरता नियम साधा आहे. सही घ्यायची तर ज्याचा हात त्या चित्रात आहे त्याची घ्यावी. ती आपले नाव घालून घ्यावी. तिचे मागितलेले दाम घासाघीस न करता द्यावे, आणि घरी येऊन तो अंक उघडून वाचावा.