‘म्हणे’चा कर्ता : मावळातील वाटाड्यांच्या निवेदनाची एक परीक्षा

ऐतिहासिक स्थळ पाहावयास गेलेला माणूस ते स्थळ बहुधा दुसऱ्याच्या तोंडून पाहतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात उभ्या राहिलेल्या प्रवाशास खांबांच्या ओळी दिसतात, छताच्या लाकडी फासळ्या दिसतात, टोकाशी स्तूप दिसतो. परंतु हे कोणी केले, केव्हा केले व कशासाठी केले, हे त्यास दिसत नाही, ते ऐकावे लागते. जो ते ऐकवितो त्याच्या निवेदनास एक घाट असतो, आरंभ असतो, ठरलेल्या जागी येणारे विनोद असतात आणि ठरलेला शेवट असतो. या अर्थाने तो एक मौखिक वाङ्मयप्रकारच होय. लेण्यांवरील प्रबंध जितके लोक वाचतात त्याहून कितीतरी अधिक लोक हे निवेदन ऐकतात. तथापि त्याची समीक्षा क्वचितच होते. प्रस्तुत लेखात मावळातील काही परिचित विधाने घेऊन या निवेदनाची भाषिक परीक्षा करावयाची आहे, आणि अनेक वाटाड्यांतून कोणता निवडावा याची एक कसोटी सुचवावयाची आहे. ‘मार्गदर्शक’ हा शब्द विद्यापीठात प्रबंधाशी कायमचा बांधला गेला असल्यामुळे येथे ‘वाटाड्या’ हा जुना शब्द योजिला आहे.

मावळात येणाऱ्यापुढे सामान्यतः चार मार्ग असतात. पुण्यामुंबईहून निघणारी एका दिवसाची बस-सहल हा पहिला. तीत कार्ले हे धरण, दरी आणि चिक्कीचे दुकान यांच्यामधील एक थांबा असते. लेण्याच्या पायथ्याशी किंवा लोहगडवाडीसारख्या गावात भेटणारा स्थानिक वाटाड्या हा दुसरा. अभ्यासकाने नेलेली अभ्याससहल हा तिसरा. दूरध्वनीवर ऐकावयाचे ध्वनिमुद्रित निवेदन हा चौथा. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले व त्यांत लोहगडाचा अंतर्भाव झाला. तेव्हापासून या निवडीचे महत्त्व वाढले आहे. निवड करताना लोक दर, वेळ आणि सोय पाहतात. ते योग्यच आहे. परंतु निवेदनाचे वाक्य कसे रचले आहे, हेही पाहिले पाहिजे.

मराठी वाक्य आपल्या ज्ञानाचा उगम क्रियापदाच्या टोकाशी सांगू शकते. ‘येथे लेख आहे’ हे पाहिलेले. ‘येथे दालन असावे’ हे अनुमानाने काढलेले. ‘येथे भुयार आहे म्हणे’ हे ऐकलेले. यांतील ‘म्हणे’ विशेष चिंतनीय आहे. अभंगाच्या नाममुद्रेतील ‘म्हणे’ला कर्ता असतो, कोण म्हणतो ते तेथे नावानिशी सांगितलेले असते. रोजच्या बोलण्यात वाक्याच्या शेवटी येणाऱ्या ‘म्हणे’चा कर्ता मात्र गळून पडला आहे. विधान कोणाचे तरी आहे एवढेच तो सुचवितो. कोणाचे ते सांगत नाही. वाटाड्याच्या निवेदनात यापुढची पायरी येते. तेथे ‘म्हणे’ही गळतो आणि उरते नुसते ‘आहे’. ऐकलेले, अनुमानलेले आणि पाहिलेले अशी तिन्ही विधाने एकाच स्वरात येतात. माझ्या मते या वाङ्मयप्रकाराचा मुख्य दोष हा आहे, आणि चांगल्या वाटाड्याचे मुख्य कार्य ‘म्हणे’ला त्याचा कर्ता परत मिळवून देणे हे आहे.

कार्ल्यापासूनच आरंभ करू. चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब असून भारतातील ज्ञात शैलचैत्यांत ते सर्वांत मोठे गणले जाते. ‘हे लेणे भूतपाल नावाच्या शेठजीने कोरले व ते जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे’, असे वाक्य तेथे हमखास ऐकू येते. हे वाक्य शिलालेखावर आधारलेले आहे यात शंका नाही. पण लेख काय म्हणतो ते पाहावे. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीकडून हे ‘सेलघर’ ‘परिनिठपित’ झाले, म्हणजे पूर्णतेस गेले, असे तो लेख सांगतो. आरंभ कोणी केला हे तो सांगत नाही. खांबांवरचे लेख मात्र सांगतात की एकेका खांबाचे दान वेगवेगळ्या माणसांचे आहे. दर्शनी भागाशी एका सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे आणि एका सुताराचे नाव आहे. बाहेरचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणक याचा आहे. अनेकांच्या वर्गणीतून उभे राहिलेले हे काम ‘शेठजीने कोरले’ या एका वाक्यात एकट्याचे होऊन जाते. ‘जंबुद्वीपात सर्वोत्तम’ हा अभिप्राय तर स्वतः दात्याचा आहे. वाटाड्याने ‘भूतपाल म्हणतो’ एवढे दोन शब्द घातले असते, तर श्रोत्यास लेण्याबरोबर एका श्रीमंत दात्याचा अभिमानही दोन हजार वर्षांपलीकडून ऐकू आला असता. कर्ता गाळल्याने विधान सदोष झाले, आणि शिवाय नीरसही झाले.

याच खांबांवर ‘धेनुकाकट’ या ठिकाणच्या काही यवनांची दाने नोंदलेली आहेत. ‘धेनुकाकटा’ हे पंचमीचे रूप, ‘धेनुकाकटाहून’ आलेल्या दात्याचे गाव सांगणारे. त्यापुढे षष्ठीतील नाव आणि शेवटी ‘थभो दानं’. एवढे व्याकरण श्रोत्यास सांगणे अवघड नाही. अवघड आहे तो ‘यवन’ हा शब्द. मूळ आयोनियाच्या नावाशी जोडलेला हा शब्द प्रथम ग्रीकांस आणि पुढे पश्चिमेकडून आलेल्या इतरांसही लावला गेला. बखरींच्या मराठीत तो मुसलमानांस लावला जाऊ लागला. आज मराठी श्रोत्याच्या कानात हा दुसराच अर्थ असतो. ‘हे खांब यवनांनी दिले’ असे वाटाड्याने अर्थ न उलगडता सांगितले, तर विधान खरे असूनही श्रोता चुकीची समजूत घेऊन घरी जातो. या यवनांची नावे भारतीय वळणाची आहेत आणि त्यांचे दान बौद्ध संघास आहे, ही गोष्ट कोणत्याही रचलेल्या कथेहून अधिक विस्मयकारक आहे. धेनुकाकट कोठे, याविषयी विद्वानांत एकमत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ते कार्ल्याच्या परिसरातच मानले, इतरांनी ते दूर शोधले. येथेही ‘कोसंबी म्हणतात’ असे सांगणारा वाटाड्या श्रोत्याला वादात सहभागी करून घेतो; ‘धेनुकाकट म्हणजे अमुक गाव’ असे सांगणारा वाद संपवून टाकतो.

शब्दांच्या व्युत्पत्ती हे वाटाड्यांचे आवडते क्षेत्र आहे. ‘लेणे म्हणजे डोंगराने ल्यालेला दागिना’ ही कल्पना मोहक आहे. परंतु गुहेचे ‘लेणे’ प्राकृत ‘लेण’ व संस्कृत ‘लयन’ यांच्याशी जोडलेले आहे, आणि दागिन्याचे ‘लेणे’ अंगावर घालणे या अर्थाच्या क्रियापदापासून आले आहे. दोन भिन्न शब्द उच्चाराने एकत्र आले एवढेच. ‘मावळतीचा प्रदेश म्हणून मावळ’ ही व्युत्पत्तीही सर्वत्र सांगितली जाते. कार्ल्याच्याच एका लेखात ‘मामाड’ किंवा ‘मामाल’ असे वाचले गेलेले प्रदेशनाम आहे व ते मावळाचे मानले जाते. दोन स्वरांमधील ‘म’चा ‘व’ होणे मराठीस नवे नाही; ‘ग्राम’चे गाव आणि ‘नाम’चे नाव याच वाटेने झाले. तेव्हा मावळचे जुने रूप दगडावर दाखविता येते. उलट, ‘लेण्यांची आवली ती लोणावळा’ ही व्युत्पत्ती सांगणाऱ्याने मधले एखादे जुने रूप दाखविल्याविना ती ‘म्हणे’च्याच पायरीवर ठेवली पाहिजे. सहलीच्या आकर्षणासाठी हीच दुसरी व्युत्पत्ती छापली जाते आणि दगडावरची पहिली विस्मरणात जाते, ही गोष्ट आपल्या विभागास विचार करावयास लावणारी आहे.

भाजे येथे हीच परीक्षा शिल्पाच्या बाबतीत करता येते. विहाराच्या ओवरीत रथातील एक व हत्तीवरील एक अशी दोन प्रसिद्ध शिल्पे आहेत. पहिले सूर्याचे व दुसरे इंद्राचे, ही रूढ ओळख होय. मांधात्याच्या कथेशी त्यांचा संबंध जोडणारे मतही मांडले गेले आहे. हे दुसरे मत स्थळावर फार क्वचित ऐकू येते. याउलट, तेथील एक स्त्री दोन वाद्ये वाजविताना दिसते त्यावरून ‘दोन हजार वर्षांपूर्वीचा तबला’ हे विधान मात्र मोठ्या उत्साहाने केले जाते. दिसतात ती चर्मवाद्ये. ‘तबला’ हे नाव अरबी ‘तब्ल’शी संबद्ध आहे आणि त्या वाद्याची आजची घडण फार नंतरची आहे. ‘दोन चर्मवाद्ये आहेत’ हे पाहिलेले, ‘ती जोडीने वाजविली जात असावीत’ हे अनुमान, ‘तो तबला होय’ ही इच्छा. तिन्हींस एकच क्रियापद देणे योग्य नव्हे.

लोहगडावर पुरावा आणि आख्यायिका अगदी शेजारी भेटतात. गडावरील बावेजवळच्या लेखात शके १७११, म्हणजे इ. स. १७८९ च्या सुमारास, बाळाजी जनार्दन फडणीस यांनी ती बांधविल्याची नोंद आहे. नाना फडणीसांचे नाव येथे दगडावर वाचता येते. गणेश दरवाजाविषयी मात्र अशी कथा सांगतात की त्याच्या पायाशी एका कुटुंबातील माणसांचा बळी दिला गेला व त्याबद्दल त्या घराण्यास गावची पाटीलकी मिळाली. ही कथा सांगू नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. गडाच्या बांधकामाची किंमत गावाने कशी आठवून ठेवली, पाटीलकीचा हक्क कोणत्या कथेवर उभा केला, हे तिच्यातून कळते. परंतु ती ‘गाव म्हणते’ अशी सांगितली पाहिजे. मग ती गावाच्या स्मृतीचा पुरावा ठरते. तशी न सांगितल्यास बांधकामाच्या इतिहासातील खोटी नोंद ठरते.

कार्ल्यास एकवीरा देवीचे मंदिर चैत्यगृहाच्या अगदी दाराशी आहे, आणि ते पांडवांनी एका रात्रीत बांधले अशी श्रद्धेची कथा आहे. येथे निवेदनाचे दोन पक्ष पडतात. एक पक्ष भिक्षूंना विसरून केवळ देवीचे बोलतो; दुसरा लेण्याचे पावित्र्य राखण्यासाठी देवीकडे पाठ फिरवितो. दोन्ही अपुरे आहेत. कोळी आणि इतर भक्तांच्या नवसाने आजही जागती राहिलेली ही जागा आणि वलुरकाच्या भिक्षुसंघास नहपानाचा जावई उषवदात याने दिलेल्या गावाची नोंद, दोन्ही एकाच कड्यावर आहेत. ज्याच्या निवेदनात भक्त म्हणतात ते आणि लेख म्हणतात ते, दोहोंस आपापल्या कर्त्यासह जागा मिळते, त्यानेच ही टेकडी पूर्ण दाखविली असे म्हणता येईल.

यावर एक आक्षेप संभवतो. प्रवासी विरंगुळ्यासाठी येतात. त्यांस मतभेदांची यादी नको, गोष्ट हवी. आणि अल्प मोबदल्यावर पायऱ्या चढउतार करणाऱ्या वाटाड्याकडून संशोधकाची शिस्त मागणे अन्याय्य आहे. आक्षेपाचा उत्तरार्ध विचार करण्याजोगा आहे. स्थानिक वाटाड्याकडे जे ज्ञान असते ते अभ्याससहलीच्या नेत्याकडे पुष्कळदा नसते. कोणत्या टाक्याचे पाणी उन्हाळ्यात टिकते, पावसाळ्यात कोणती वाट निसरडी होते, हे तो जाणतो. कार्ले व भाजे पश्चिमाभिमुख असल्यामुळे दुपारनंतर आणि बेडसे पूर्वाभिमुख असल्यामुळे सकाळी पाहावे, हेही तो जाणतो. आणि ज्याने दिवसाचा क्रम उजेडावरून लावला त्याने दगड खरोखर पाहिला आहे असे समजावे. पूर्वार्ध मात्र मान्य करता येत नाही. कर्ता सांगितल्याने गोष्ट मरत नाही. ‘गाव म्हणते’, ‘भूतपाल म्हणतो’, ‘कोसंबी म्हणतात’ अशा वाक्यांनी निवेदनात पात्रे येतात, आणि पात्रांवाचून गोष्ट कसली? शिवाय यास वेळ लागत नाही. दोन शब्द लागतात.

आता निवडीविषयी. बस-सहलीत थांब्याचा काळ आधीच ठरलेला असल्याने प्रश्नास अवकाश अल्प असतो. ध्वनिमुद्रणात तो मुळीच नसतो, जरी मजकूर काळजीपूर्वक तयार केलेला असला तरी. अभ्याससहलीत पुरावा मिळतो, पण गावाचा आवाज हरविण्याची भीती असते. स्थानिक वाटाड्याकडे आवाज असतो, पुराव्याची खात्री नसते. म्हणून शासकीय परवाना किंवा सहलीचा दर यांवरून निवड पूर्ण होत नाही. पैसे ठरविण्यापूर्वी वाटाड्यास त्याच्याच एखाद्या विधानावर ‘असे कोण म्हणतो?’ एवढे विचारावे. जो रागावतो किंवा ‘सगळेच म्हणतात’ असे सांगतो, त्याच्याबरोबर डोंगर चढता येईल, लेणे पाहता येणार नाही. जो ‘आमचे आजोबा सांगत’, ‘त्या लेखात आहे’, ‘पुस्तकात वाचले’ असे वेगवेगळे उत्तर देतो, तो परवान्यावाचूनही निवडण्यास योग्य आहे. हे उत्तर अपूर्ण असले तरी चालेल. ते तपासता येते, हेच त्याचे मोल.

या प्रश्नाचा आपल्याशी निकटचा संबंध आहे. पदव्युत्तर वर्गांच्या सहली मावळात नित्य जातात, आणि परत आल्यावर लिहिलेल्या वृत्तांतांत वाटाड्याची वाक्ये कर्ता न देता उतरतात. तेथून ती टिपणांत आणि टिपणांतून प्रबंधिकांत शिरतात. तोंडी ‘आहे’ असे लेखी ‘आहे’ बनते व पुढच्या पिढीच्या वाटाड्यास छापील आधार मिळतो. हे चक्र तोडावयाचे तर सहलीच्या वृत्तांतात प्रत्येक विधानापुढे ते कोणाचे, हे लिहिण्याचा नियम विभागाने घालून द्यावा. शिलालेखाचे वाचन, विद्वानाचे मत आणि गावची कथा अशा तीन रकान्यांची साधी वही पुरेशी आहे. अशी एक प्रत लोहगडवाडीच्या किंवा भाज्याच्या वाटाड्याच्या हाती परत गेली, तर विद्यापीठाने मावळाकडून जे ऐकले त्याची थोडीशी परतफेड होईल.