सी भाषेतील जेसन प्रक्रिया आणि मराठी मजकूर : एक चिकित्सा

प्रस्तावना :
डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडविलेल्या सी भाषेत 'स्ट्रिंग' हा स्वतंत्र प्रकार नाही. शून्य बाइटने संपणारी बाइटांची रांग हीच तिची स्ट्रिंग होय. जेसन हे मात्र मजकूररूपाने माहितीची देवाणघेवाण करण्याचे माध्यम असून, २०१७ च्या आरएफसी ८२५९ ने खुल्या देवाणघेवाणीसाठी त्यात यूटीएफ-८ संकेतन बंधनकारक केले. या दोहोंना जोडणाऱ्या लायब्ररींचे मूल्यमापन केवळ वेग व मेमरी यांवर करणे मराठी मजकुराच्या दृष्टीने अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी डेव्ह गॅम्बल यांची 'सीजेसन' आणि पेट्री लेहटिनेन यांची 'जॅन्सन' या दोन लायब्ररी विचारात घेतल्या आहेत.

नाव आणि बाइट :
परभणी जिल्ह्यातील, नृसिंह मंदिरामुळे परिचित असलेल्या पोखर्णी या गावाचे नाव उदाहरणादाखल पाहता येईल. वाचकाला ते ३ अक्षरांचे दिसते. युनिकोडमध्ये काना-मात्रा व हलन्त धरून ती ७ चिन्हे होतात आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी ३ प्रमाणे २१ बाइट. सी भाषेतील 'स्ट्रलेन' हे फंक्शन हीच २१ संख्या देते. हे नाव २० बाइटांच्या ॲरेमध्ये 'एसएनप्रिंटएफ'ने भरल्यास १९ बाइट उरतात व शेवटच्या वेलांटीचा एकच बाइट लोंबकळत राहतो. अशी सदोष स्ट्रिंग सीजेसन बहुधा निमूटपणे पुढे पाठविते. जॅन्सन ती नाकारते.

तथापि जॅन्सनची ही दक्षताही मर्यादितच आहे. ॲरे १९ बाइटांचा असल्यास 'पोखर्ण' एवढेच उरते. संकेतनदृष्ट्या ते निर्दोष असल्याने दोन्ही लायब्ररी ते स्वीकारतात. गावाचे नाव मात्र चुकलेले असते.

संख्येचा प्रश्न :
सीजेसन संख्या 'डबल' प्रकारात ठेवते आणि सोबत 'व्हॅल्यूइंट' हे पूर्णांकी रूपही देते. ३२ बिटांच्या पूर्णांकाची कमाल मर्यादा २१४७४८३६४७ आहे. भारतीय मोबाइल क्रमांक १० अंकी व ६ ते ९ ने सुरू होणारे असल्याने ते सर्व या मर्यादेबाहेर जातात. परिणामी, यादीतील क्रमांक संख्यारूपात असून 'व्हॅल्यूइंट'मधून वाचल्यास प्रत्येक शेतकऱ्याच्या नावापुढे हाच एक क्रमांक येतो आणि कोणतीही त्रुटी नोंदविली जात नाही. जॅन्सन पूर्णांक 'लाँग लाँग' प्रकारात स्वतंत्रपणे राखते व त्याहून मोठा पूर्णांक आल्यास त्रुटी कळविते. मुळात ज्यांची बेरीज करावयाची नसते असे क्रमांक स्ट्रिंग म्हणूनच लिहिणे इष्ट. देवनागरी अंकांतील गट क्रमांकांबाबत तर पर्यायच नाही, कारण जेसनच्या व्याकरणात संख्येसाठी केवळ रोमन लिपीसोबत वापरले जाणारे अंकच ग्राह्य आहेत.

मांडणी :
जेसनमध्ये 'पोखर्णी' थेट लिहिता येते किंवा बॅकस्लॅशयुक्त संकेतांनी. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक चिन्हास ६ प्रमाणे ४२ बाइट लागतात. सीजेसन देवनागरी मजकूर थेट छापते; जॅन्सन मूलतः तसेच करते, परंतु मागितल्यास संकेतरूपही देते. वाचनीयतेसाठी थेट रूप श्रेयस्कर होय.

निष्कर्ष :
सीजेसन आटोपशीर आहे, जॅन्सन अधिक काटेकोर आहे. मात्र मजकुराच्या अर्थाची हमी दोन्हींपैकी एकही देत नाही. 'एक कॅरॅक्टर म्हणजे एक बाइट' हे सोपे समीकरण इंग्रजी उदाहरणांपुरतेच टिकते. म्हणून सी भाषेच्या प्रात्यक्षिकांत परिसरातील गावांची नावे चाचणीसाठी वापरली जावीत. जो प्रोग्राम पोखर्णीचे नाव अखंड परत देत नाही, तो त्रुटीविना चालला तरी यशस्वी मानता येणार नाही.