न्यायाधीशाचे ‘कदाचित’

पुरावा, साक्ष आणि दस्तऐवज या तिन्हींवाचून इतिहासकाराचे चालत नाही आणि न्यायाधीशाचेही. मग दोघांचे काम एकच मानावे काय? कार्लो गिन्झबर्ग या इटालियन इतिहासकाराचे ‘न्यायाधीश आणि इतिहासकार’ (१९९१) हे छोटेखानी पुस्तक याच प्रश्नाभोवती उभे आहे.

१७ मे १९७२ रोजी मिलान शहरात लुइजी कालाब्रेसी या पोलीस अधिकाऱ्याची हत्या झाली. १९८८ मध्ये लेओनार्दो मारिनो याने आपला सहभाग कबूल केला आणि एका डाव्या संघटनेचे माजी नेते आद्रियानो सोफ्री यांनीच हे कृत्य करविले, असे सांगितले. सोफ्री यांनी आरोप सदैव नाकारला. १९९० मध्ये त्यांना २२ वर्षांची शिक्षा झाली. सोफ्री हे गिन्झबर्ग यांचे जुने मित्र.

गिन्झबर्ग यांची हयात धर्मन्यायपीठाचे, म्हणजे इन्क्विझिशनचे, कागद वाचण्यात गेली. ‘चीज आणि किडे’ (१९७६) या ग्रंथात त्यांनी सोळाव्या शतकातील मेनोक्किओ नावाच्या गिरणीवाल्याचे विचारविश्व त्याच्या जबान्यांतूनच उभे केले. त्याच सरावलेल्या नजरेने ते मिलानच्या खटल्याचे कागद वाचतात. प्रश्न कोणी केला, उत्तर केव्हा बदलले, कोणती भेट नोंदली गेली नाही, हे ते चिकाटीने तपासतात.

पुस्तकाचे खरे मोल पुढील विवेचनात आहे. जेथे कागद मुके होतात तेथे इतिहासकार त्या काळाच्या रीतिभातींवरून अनुमान करतो आणि प्रामाणिकपणे ‘कदाचित’ असे लिहितो. त्याचे अनुमान चुकले, तर पुढचा अभ्यासक ते दुरुस्त करील. न्यायाधीशाला ही मुभा नाही. जे घडू शकले असते ते घडलेच, असे त्याने धरले, तर त्याची किंमत एक जिवंत माणूस मोजतो. म्हणून संशयाचा फायदा आरोपीलाच मिळाला पाहिजे. विद्येची देवघेव जरूर व्हावी. परंतु दोघांची जबाबदारी निराळी आहे, हा विवेक आम्हाला फार मोलाचा वाटतो.

तरीही एक उणीव नोंदविली पाहिजे. हे मित्राच्या बचावासाठी लिहिलेले पुस्तक आहे. १९९७ मध्ये इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. कालाब्रेसी यांच्या मागे गर्भवती पत्नी व दोन लहान मुलगे राहिले होते. त्यांतील मारिओ यांनी २००७ मध्ये आपल्या कुटुंबाची कहाणी लिहिली. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली, तरच मृताच्या घरच्यांनाही न्याय मिळेल.

आम्हा कॅथलिक वाचकांना या विषयाचा आणखी एक धागा जवळचा आहे. १९७९ मध्ये गिन्झबर्ग यांनी परमगुरू पोप जॉन पॉल दुसरे यांना पत्र लिहून धर्मन्यायपीठाचे दप्तर अभ्यासकांना खुले करण्याची विनंती केली. १९९८ मध्ये ते दप्तर खुले झाले. आपल्या जुन्या निवाड्यांचे कागद ख्रिस्तसभेने इतिहासकारांपुढे ठेवले, यात आम्हाला कमीपणा नव्हे, विश्वासाचे बळ दिसते.

खोटी साक्ष देऊ नको, ही आठवी आज्ञा आपण बालपणीच पाठ करतो. पण शेजाऱ्याविषयी बोलताना आपण इतिहासकाराचे ‘कदाचित’ घेतो आणि न्यायाधीशाची शिक्षा सुनावून मोकळे होतो. हे पुस्तक वाचल्यावर आम्हाला तरी तसे करणे जड जाईल.